काळ्या बटणाचा रंग कुणी ठरवला?

जुन्या घरांतली विजेची बटणं काळी नाहीतर तपकिरी असत. त्या पिढीची आवडच तशी गंभीर होती, असं म्हणून आपण मोकळे होतो. ही बटणं ज्या बेकलाइटची असत, त्याचा इतिहास मात्र वेगळं सांगतो : तो रंग ग्राहकाने फारसा निवडलेलाच नव्हता, रेझीनने लादला होता. बेल्जियममध्ये जन्मलेल्या लिओ बेकलँडने अमेरिकेत याँकर्स इथे फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून हे रेझीन तयार केलं; पेटंटचा अर्ज १९०७चा, जाहीर घोषणा १९०९ची. त्याला शेलॅकला, म्हणजे मुख्यतः हिंदुस्थानातून जाणाऱ्या चपडा लाखेला, पर्याय हवा होता. विजेच्या उपकरणांत रोधक म्हणून लाखेला तेव्हा मोठी मागणी होती. बेकलाइट उष्णतेला आणि विजेला पुरून उरलं, पण ते मुळातच पिवळट-तपकिरी आणि दिवसेंदिवस गडद होत जाणारं. शिवाय नुसतं ठिसूळ. म्हणून त्यात लाकडाचा भुसा किंवा अ‍ॅस्बेस्टॉस मिसळून ते दाबयंत्रात घालत. अशा मिश्रणात फिका रंग टिकणार कसा? काळा घातला की सगळं झाकलं जाई.

लोकांना लाकडाची आणि आबनुसाची नक्कलच हवी होती, असा आक्षेप घेता येईल. त्यात तथ्य आहे, पण थोडंच. बेकलाइटच्या आधीचं सेल्युलॉइड हस्तिदंती आणि कासवाच्या पाठीच्या रंगांत खपतच होतं; ते पेट घेई, ही अडचण वेगळी. १९२७च्या सुमारास बेकलँडची मूळ पेटंटं संपली आणि कॅटालिनसारखी ओतीव फिनॉलिक रेझीन बाजारात आली. त्यांत भुसा नव्हता. पाकासारखं रेझीन रंग मिसळून शिशाच्या साच्यात ओतायचं, भट्टीत कित्येक दिवस मंद आचेवर ठेवायचं, मग साच्यातून काढून कापायचं, कातायचं, घासून चकाकी आणायची. दोन रंगांचे पाक अर्धवट ढवळले की संगमरवरी रेषा उमटत. हिरवे, लाल, निळे रेडिओ आणि बांगड्या झाल्या आणि विकल्याही गेल्या. तरी काळे रेडिओ बंद पडले नाहीत, कारण दाबयंत्रातून भराभर निघणारा डबा हाताने घासलेल्या डब्यापेक्षा स्वस्त पडे. म्हणजे रेझीनच्या जोडीला मजुरीनेही रंग ठरवला. आवडीचा नंबर त्यानंतरचा.

कॅटालिनलाही स्वतःचा स्वभाव होताच. उजेड आणि हवा लागून त्याचा पृष्ठभाग पिवळा पडे. म्हणून आज संग्राहकांकडचे लोण्याच्या रंगाचे रेडिओ मुळात पांढरे निघतात आणि हिरवे दिसणारे काही निळे. वरचा थर घासला की खालचा रंग दिसतो. दुसऱ्या महायुद्धानंतर साच्यात झटपट भरता येणाऱ्या पॉलिस्टायरीनने हा धंदा संपवला. हल्ली हौशी लोक टेबलं आणि दागिने ओतायला जे इपॉक्सी घेतात, ते बहुतेक वेळा बिस्फिनॉल-एपासून बनतं आणि बिस्फिनॉल-ए फिनॉलपासून. तेच वलयाकार रेणू उन्हात पुन्हा पिवळे पडतात. डब्यावर अतिनील किरणरोधक लिहिलेलं असलं तरी पिवळेपणा लांबतो, टळत नाही. त्यामुळे खिडकीपाशी ठेवायच्या वस्तूत पांढरा किंवा फिका निळा घालण्यात जोखीम जास्त. पिवळेपणा पोटात घेणारा गडद तपकिरी, मातकट किंवा काळा रंग तिथे अधिक निभावतो.