दारावरचे मासे

लखनौला पोस्टिंग येऊन आठ महिने झाले. इथे समुद्र नाही, आहे ती गोमती. तरी या शहरात मासे जिकडे तिकडे दिसतात. बड्या इमामबाड्याच्या दारावर समोरासमोर दोन मासे, जुन्या नवाबी इमारतींवर मासे, उत्तर प्रदेश सरकारच्या बोधचिन्हातसुद्धा दोन मासे.

मागच्या सुट्टीत विजयदुर्गला गेलो होतो. संध्याकाळी काकांबरोबर धक्क्यावर गरवायला बसलो. तंगुसाला शिसं, गरीला सुंगट. वाघोटणच्या खाडीत भरती चढत होती आणि मी सारखा तंगूस ओढून बघत होतो. काका म्हणाले, "घाई करू नको रे. पाणी भरांदे." वेळ घालवायला मी त्यांना मोबाईलवर लखनौच्या दारांचे फोटो दाखवले. त्यांनी नीट निरखून पाहिले आणि विचारलं, "आणि गरवता कोण थंय?"

मी हसलो. पण तो प्रश्न माझ्याबरोबर लखनौला आला.

अवधचा पहिला नवाब सआदत खान नदी ओलांडत असताना मासा उडी मारून त्याच्या मांडीत पडला आणि त्याने तो शुभशकुन मानला, अशी इथे आख्यायिका सांगतात. शिवाय मुघल दरबारात 'माही मरातिब' नावाचा मोठा सन्मान होता. काठीवर बसवलेला सोनेरी मासा, मिरवणुकीत मानकऱ्याच्या पुढे चालायचा. हा मान आपल्याकडेही आला. बादशहा शाहआलमकडून मिळालेली मानचिन्हं घेऊन महादजी शिंदे 1792 साली पुण्यात आले आणि मोठा दरबार भरवून त्यांनी ती सवाई माधवराव पेशव्यांना अर्पण केली. त्यात हा मासाही होता.

आता मी बसलो होतो त्या धक्क्यासमोरचा किल्ला पाहा. फेब्रुवारी 1756 मध्ये वॉटसनचं आरमार आणि क्लाइव्हची फौज विजयदुर्गावर चालून आली. तोफगोळ्यांनी एका जहाजाला आग लागली, ती पसरत गेली आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार त्याच पाण्यात जळून गेलं. इंग्रजांना बोलावलं होतं नानासाहेब पेशव्यांनी. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते, हे खरंच. पण घरातला तंटा मिटवताना समुद्रावरची आपली मोठी ताकदच गेली. म्हणजे पुण्याच्या दरबारात सोन्याचा मासा आला, तेव्हा खरे मासे असलेला समुद्र हातातून जाऊन 36 वर्षं झाली होती.

विजयदुर्गाहून क्लाइव्ह पुढे बंगालमध्ये गेला. 1757 ला प्लासी झाली. 1764 ला बक्सरला कंपनीच्या फौजेने अवधच्या शुजाउद्दौलाचा पराभव केला आणि पुढच्या वर्षी अलाहाबादच्या तहात क्लाइव्हने त्याच्यावर 50 लाखांची खंडणी बसवली. त्यानंतर नवाबांचं संरक्षण कंपनीच्या पलटणींकडे आणि त्या पलटणींचा खर्च नवाबांच्या खजिन्यातून. दारावर मासे मात्र वाढतच गेले. शेवटी फेब्रुवारी 1856 मध्ये कंपनीने अवध खालसा केलं. विजयदुर्गाच्या आगीला तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती. वाजिद अली शाह लढाई न करता कलकत्त्याला निघून गेले.

आम्हा फौजींना छातीवरच्या फितींचं अप्रूप असतं. मलाही आहे, खोटं कशाला बोलू? पण हल्ली इमामबाड्यासमोरून जाताना त्या माशांकडे बघतो आणि काकांचा प्रश्न आठवतो. मान दुसऱ्याने दिलेला असतो. गरवायचं मात्र आपलं आपल्याला यावं लागतं.

त्या संध्याकाळी काळोख पडता पडता काकांच्या गरीला एक चांगला तांबोसा लागला. माझ्या गरीला दोन शेंगट्या. काकांनी तांबोसा माझ्या पिशवीत टाकला. मी म्हटलं, "काका, हा तुमचा." ते म्हणाले, "घेऊन जा. पण पुढच्या सुट्टीक तुझो तू धर."