एक चर्चगेट, रिटर्न

बांधकाम बघायला रस्त्यात सहसा कुणी थांबत नाही. पण पाडकाम सुरू होऊ द्या, ऑफिसचा उशीर विसरून माणसं गोळा होतात. मी तर पहिल्या रांगेत! तेव्हा मुंबईचा कोट पाडला, त्या दिवसांत बघ्यांची काय चंगळ झाली असेल, या विचाराने मला आजही त्यांचा हेवा वाटतो.

हा तट कंपनी सरकारने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. त्याला वेशी तीन: अपोलो, चर्च आणि बाजार. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि इकडे साहेबाची झोप उडाली. मराठे आता येणार! मग व्यापाऱ्यांकडून वर्गणी काढून तटाभोवती खंदक खणला. मराठे काही आले नाहीत. १८१८ साली तर पेशवाईच बुडाली. तट बिचारा पेन्शनीत गेलेल्या फौजदारासारखा नुसता मिशा पिळत उभा!

१८६२ साली बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाले. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. पैसा मायंदाळ, जागा मात्र नाही. साहेबांनी तट पाडायला काढला. ज्यांनी बांधला त्यांनीच पाडला. शत्रूला तसदी दिली नाही. मोकळ्या जागेत पुढे सचिवालय, युनिव्हर्सिटी, हायकोर्ट उभं राहिलं. चर्चगेटच्या जागी फ्लोरा फाउंटन आलं.

पण नावाला पहार लागत नाही. वेस पडल्यावर, १८७० साली स्टेशन झालं, त्याचं नाव चर्चगेट! नसलेल्या दरवाजाचं तिकीट आपण इतकी वर्षं काढतोय. आणि ज्या वसईच्या धास्तीने खंदक खणला, त्याच वसईहून रोज सकाळी मराठे लोकलला लोंबकळत कोटात शिरतात, संध्याकाळी मुकाट्याने परत जातात. कुणी अडवत नाही.

एकदा मात्र अडवलं. २१ नोव्हेंबर १९५५. संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्यांवर फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. तट नव्हता, खंदक नव्हता, इंग्रजही नव्हता. तरी जुन्या वेशीपाशी माणसं पडली. १९६० साली मुंबईसह महाराष्ट्र झाला, आणि त्या जागेला हुतात्मा चौक म्हणू लागले.

तिथून जाताना माझी पावलं आपोआप मंदावतात. पाडलेली वेस ओलांडायलाही किंमत पडते. तिकिटाच्या पैशांत ती धरलेली नसते, इतकंच.