भाता, पाठीवरचा

बाण पाठीवर वाहून नेण्याची चामडी किंवा कापडी नळी. पट्टा छातीवरून तिरपा जातो आणि तोंड खांद्यामागे येते. हॉवर्ड हिल या अमेरिकी धनुर्धराने मऊ चामड्याचा भाता लोकप्रिय केला. 1938च्या रॉबिन हूड चित्रपटातली तिरंदाजीची करामतही त्याचीच.

निवडताना देखणेपणापेक्षा आवाज तपासावा. कडक, रुंद नळीत बाण खडखडतात आणि माणूस वाकताच ओघळतात. मऊ चामडे पाठीवर चपटे होऊन त्यांना धरून ठेवते. तळाशी लोकर घातली की खडखड कमी होते, तळही लवकर फाटत नाही. खोली एवढीच, की पिसे बाहेर राहतील.

पुणे जिल्ह्यातल्या पौड परिसरात अडचण वेगळीच. मुळशीतल्या करवंदीच्या जाळ्यांत खांद्यावर डोकावणारे बाण अडकतात. पावसात पिसे भिजून चिकटली, की बाण भरकटतो. इथे कमरेचा भाता बरा. ऑलिंपिकमधले धनुर्धरही तोच बांधतात.

शिकारीचा प्रश्न कायद्यानेच मिटवला आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार वन्य प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. पौडकराने भाता घ्यावा तो लक्ष्यावरच्या सरावासाठी. साताऱ्याची अदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनला जगज्जेती झाली ती लक्ष्यावरच्या तिरंदाजीतच.