नाकातला हरभरा

खळ्यावर रास पडली की मोठी माणसं वाऱ्याची वाट बघायची आणि पोरं राशीत खेळायची. त्यातला एखादा दाणा कुणाच्या तरी नाकात नाहीतर कानात जायचाच. हरभरा, तूर, चिंचोका, तुटलेल्या माळेचा मणी. आमच्याकडं हा प्रकार माहीत नाही असं घर सापडणार नाही.

नाकात गेलं की घरची म्हातारी तपकीर हुंगवायची. शिंकेबरोबर दाणा बाहेर आला तर बरं, नाहीतर पोर रडताना श्वास वर ओढायचं आणि दाणा आणखी आत. कधी पोर सांगायचंच नाही. मग एकाच नाकपुडीतून घाण वास यायला लागायचा, आणि आई सर्दी समजून ओवा शेकत बसायची.

कानातल्या दाण्यावर पाणी ओतायचे. रात्री भिजत घातलेला हरभरा सकाळी दुप्पट होतो, हे शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. पण पोर ओरडायला लागलं की ते कुणाला आठवायचं नाही. जिवंत किडा गेला तर मात्र तेल खरं. किडा मरतो, फडफड थांबते. डॉक्टरसुद्धा आधी त्याला मारतात, मगच काढतात.

घरचे उपाय थकले की सोनार. कान त्यानंच टोचलेला, बारीक चिमटाही त्याच्याकडंच. काडी, कापूस, चिंधी तो अलगद काढायचा. पण गुळगुळीत मणी चिमट्यातून निसटतो आणि पुढं सरकतो. विहिरीत पोहरा पडला तर आपण त्याला वरून धरत नाही, गळ खाली सोडून अडकवतो आणि ओढतो. मण्यालाही तसंच. बारीक वाकडा आकडा त्याच्या मागं न्यायचा आणि पुढं ओढायचा.

हे ज्ञान नवं नाही. सुश्रुतसंहितेत एकशे एक यंत्रं सांगितली आहेत. त्यांतली तालयंत्रं बारा अंगुळं लांबीची, नाक-कानात अडकलेलं काढण्यासाठीच. आणि सगळ्या यंत्रांत श्रेष्ठ कोणतं, तर हात, असंही तिथं लिहिलं आहे. पोथीतलं हे ज्ञान आमच्या वाडीपर्यंत मात्र आलं नव्हतं.

१९५२ साली २ ऑक्टोबरला देशात समूह विकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रं आली. आमच्यापासून ते नऊ मैलांवर. माझ्या भावकीतल्या एकाच्या कानात लहानपणी तुरीचा दाणा गेला. पेरणीचे दिवस, बैल मोकळे नव्हते. तीन दिवस घरातच केसांच्या आकड्यानं कोरणं चाललं. केंद्रात नेला तेव्हा डॉक्टरांनी कपाळावरच्या गोल आरशानं उजेड आत पाडला, पोराला चादरीत गुंडाळून धरायला लावलं आणि घटकाभरात दाणा काढला. पडदा आधीच फाटला होता. आज तो साठीचा आहे. उजवीकडून हाक मारली तर वळत नाही.

नाकासाठी एक उपाय १९६५ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका साध्या डॉक्टरनं लिहून ठेवला. आईनं पोराच्या तोंडाला तोंड लावायचं, मोकळी नाकपुडी बोटानं दाबायची आणि एक जोरकस फुंकर मारायची. पुढं जमवलेल्या नोंदींत दहातल्या सहा पोरांना गुण आला. डॉक्टर आता हे आईला समोर बसवून करायला लावतात. पोर घाबरत नाही, कारण तोंड आईचंच असतं.

खळी गेली, मळणीयंत्र आलं. दाण्याच्या जागी आता खेळण्यातला, रिमोटातला बटणासारखा सेल आला आहे. तो फुगत नाही. ओल लागली की आतलं मांस जाळतो, नाकाच्या पडद्याला भोक पाडतो, तेही काही तासांत. त्याच्यावर तेल नको, पाणी नको, थेंबही नको. हरभरा फुगायला रात्र घ्यायचा. सेल तेवढी सवड देत नाही. पोर नाकाला हात लावून रडत असेल आणि घरातला सेल जागेवर नसेल, तर गाडी काढायची.