प्रवेश एकाचा, पैसा दुसऱ्याचा

"ताई, पीएचडीला अ‍ॅडमिशन मिळालं की फेलोशिप मिळतेच ना?" हा प्रश्न मला हमखास येतो. उत्तर आहे, नाही. ही दोन वेगळी दारं आहेत आणि किल्ल्या बरेचदा वेगवेगळ्या लोकांकडे असतात. कोराडीत घरी बसून अर्ज भरताना मलाही हे उशिराच कळलं. म्हणून आज थोडा इतिहास.

१९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. मुदत तीन वर्षं. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची, असा करार. १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश झाला. पण शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. जागा होती, पैसा नव्हता.

आता त्यांनी काय केलं ते नीट बघा. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवली. म्हणजे प्रवेश जिवंत ठेवला. मग पैशाची सोय. १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापकी, त्यातली बचत, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून कर्ज. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले; १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली.

बिझनेस स्कूलमध्ये ही दोन दारं बरीचशी एकत्र आणलेली दिसतात. अहमदाबादच्या आयआयएमने १९७१ मध्ये फेलो प्रोग्राम सुरू केला. अशा संस्थांत साधारणपणे जितक्यांना फेलोशिप देता येईल, तितक्याच जागा भरतात. त्यामुळे निवड आणि पैसा एकाच पत्रात येतो. विद्यापीठात मात्र जागा विभाग आणि गाईड ठरवतात, तर जेआरएफ नेटच्या निकालावर मिळते. जून २०२४ पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशालाही धरतात, पण "फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र" या गटात आलात, तर जेआरएफ नाही, आणि ते गुण एकच वर्ष चालतात.

तेव्हा ऑफर लेटर हातात आलं की आनंद करा, पण सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा: पैसा कोण देणार, किती वर्षं देणार, आणि मधेच थांबला तर जागा राहील का? तिसरा प्रश्न आपण सगळ्यात कमी विचारतो. १९१७ मध्ये नेमका तोच कामाला आला होता.