पोकळी आणि पृष्ठभाग : एका संज्ञेचा इतिहास

शास्त्रीय संज्ञा पुष्कळदा शोधाच्या आरंभी जे दिसले तेवढ्याचीच साक्ष देते. पुढे जे कळते ते तिच्यात मावत नाही. 'कॅव्हिटेशन' ही संज्ञा याचे बोधप्रद उदाहरण होय.

इ. स. १८९३ मध्ये 'डेअरिंग' या ब्रिटिश विनाशिकेच्या चाचण्या चालू असता तिला अपेक्षित वेग येईना. पंख्याची पाती वेगाने फिरताना त्यांच्या एका अंगास पाण्याचा दाब अतिशय घसरे, तेथल्या तेथे पाण्याची वाफ होई आणि पात्यांची पकड सुटे. पात्यांचे क्षेत्रफळ वाढविल्यावर ही अडचण दूर झाली. या घटनेस आर. ई. फ्रूड यांनी सुचविलेले नाव लॅटिनमधील 'पोकळ' या अर्थाच्या 'कॅव्हस' शब्दावरून आलेले आहे. त्यातून पाण्याचा अभाव तेवढा सूचित होतो.

चार्ल्स पार्सन्स यांच्या 'टर्बिनिया' या नौकेसही १८९४ साली हाच अडथळा आला. त्यांनी लहान टाकीत पंखा फिरवून, क्षणाक्षणाने चमकणाऱ्या प्रकाशात पोकळ्या प्रत्यक्ष पाहिल्या. मग नौकेस एकाऐवजी तीन दांडे व त्यांवर नऊ पंखे बसविले. १८९७ साली स्पिटहेडच्या आरमारी संचलनात तिचा सुमारे ३४ नॉटचा वेग पाहून प्रेक्षक चकित झाले.

परंतु प्रश्न केवळ वेगाचा नव्हता. धातूच्या पंख्यांवर खड्डे पडू लागले होते. केवळ 'अभाव' असलेली पोकळी धातू कशी कोरील? १९१७ मध्ये लॉर्ड रॅले यांनी गणिताने दाखविले की, पोकळी मिटताना सभोवतालचे पाणी आत धावते व शेवटी प्रचंड दाब उत्पन्न होतो. मात्र त्यांनी कल्पिलेली पोकळी अमर्याद द्रवातील परिपूर्ण गोल होती. पृष्ठभागास त्या विचारात स्थान नव्हते.

ते स्थान पुढे मिळाले. १९४४ मध्ये हार्वे व त्यांच्या सहकाऱ्यांनी बुडबुड्यांचा उगम सूक्ष्म भेगांत अडकलेल्या वायूत दाखविला. त्याच वर्षी कॉर्नफेल्ड व सुवोरोव यांनी मिटणारा बुडबुडा गोल राहत नसावा, असे सुचविले. १९६१ मध्ये नॉडे व एलिस यांच्या अभ्यासातून त्यास पुष्टी मिळाली. कठीण भिंतीजवळ बुडबुड्याची दूरची बाजू आत घुसते आणि पाण्याची बारीक धार भिंतीवर आदळते. मोकळ्या पृष्ठभागाजवळ मात्र तीच धार उलट दिशेस वळते. शेजारचे बुडबुडेही परस्परांचा आकार व गती बदलतात.

तात्पर्य, बुडबुड्याचा जन्म बहुधा पृष्ठभागाच्या आश्रयाने होतो आणि त्याच्या अंताची दिशाही पृष्ठभागच ठरवितो. संज्ञेने पोकळीस नाव दिले खरे. पण तिचे सामर्थ्य तिच्या शेजारात आहे, हे उमगण्यास सुमारे सात दशके लागली.