लांबच्या वाटेची सायकल : पोलादी नळीचा इतिहास

जुलै १९१३. फ्रान्सची सुप्रसिद्ध सायकल शर्यत 'तूर द फ्रान्स' पिरेनीज पर्वतात पोचली होती. २,११५ मीटर उंचीचा तूरमाले घाट उतरताना यूजीन ख्रिस्तोफ या स्पर्धकाच्या सायकलीचा पुढचा फोर्क मोडला. तेव्हाच्या नियमानुसार कुणाचीही मदत घ्यायची नाही, सायकल बदलायची नाही. ख्रिस्तोफनं सायकल खांद्यावर टाकली, दहा किलोमीटरांहून जास्त अंतर तो चालत उतरला आणि सेंत मारी द काँपां या गावात एका लोहाराच्या भट्टीवर त्यानं स्वतःच्या हातानं फोर्क जोडला. पंच शेजारी उभे राहून पाहत होते. एका मुलानं भाता हलवून दिला म्हणून त्याला दंडही झाला. पण जोडलेल्या फोर्कवर त्यानं उरलेलं अंतर पार केलं.

या गोष्टीत पोलादाचा दोष आणि गुण दोन्ही आहेत. ते मोडलं, आणि डोंगरातल्या साध्या भट्टीवर पुन्हा जोडताही आलं.

आज कार्बन तंतूंच्या अतिशय हलक्या फ्रेमा मिळतात. तरीसुद्धा सामान लादून, कच्च्या रस्त्यांवरून महिनोन्‌महिने भटकणारे अनेकजण पोलादी फ्रेमच निवडतात, आणि तीही एखाद्या छोट्या कारागिराकडून बनवून घेतात. अशी फ्रेम निवडायची म्हणजे नेमकं काय निवडायचं? बरेचजण पहिला प्रश्न विचारतात, "पोलाद कुठलं?" हा प्रश्न पुरेसा का नाही, ते सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला की समजतं.

खिळे करणाऱ्याची युक्ती

१८८५ मध्ये जॉन केंप स्टार्ली यानं इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री इथं 'रोव्हर' सायकल आणली. दोन जवळजवळ सारखी चाकं आणि साखळीनं फिरणारं मागचं चाक, अशी तिची रचना होती. पुढच्या काही वर्षांत फ्रेमला आजचा ओळखीचा आकार आला : एकमेकांना चिकटलेले दोन त्रिकोण. त्रिकोणाच्या बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचे कोन बदलत नाहीत, हे आपण भूमितीत शिकवतोच. चौकोनी सांगाडा दाबला की कलतो, त्रिकोणी कलत नाही.

याच सुमारास जर्मनीत राइनहार्ड आणि माक्स मानेसमान या भावांनी भरीव पोलादी कांबीपासून बिनसांध्याची नळी करण्याची रीत शोधली. नळ्या चांगल्या मिळू लागल्या, पण एक अडचण उरलीच. सायकल हलकी हवी तर नळी पातळ हवी. पातळ नळ्या जोडायच्या तर टोकं लालबुंद तापवावी लागतात. तापलेली टोकं कमकुवत होतात, आणि नेमका तिथंच सर्वांत जास्त ताण येतो. कारागीर नळीच्या टोकाशी आतून दुसरा तुकडा बसवत. त्यानं वजन वाढे आणि जोडही खात्रीचा नसे.

यावर उपाय काढला तो बर्मिंगहॅमच्या एका खिळे करणाऱ्या घराण्यानं. आल्फ्रेड रेनल्ड्‌स आणि त्याचा सहकारी हेविट यांनी १८९७ मध्ये एक पेटंट घेतलं : बाहेरून नळी सगळीकडे सारखीच, पण आतून टोकांना जाड आणि मध्ये पातळ. सोनार तार छिद्रातून ओढून बारीक करतो, तशीच ही नळी साच्यातून ओढतात. आत एक गज असतो, मध्ये जाड आणि टोकाकडे बारीक. ओढताना नळीची भिंत गजावर दाबली जाते आणि गजाचा आकार घेते. मग गज बाहेर कसा काढायचा? नळी तिरप्या रुळांमधून फिरवली की ती केसभर फुगते आणि गज ओढून घेता येतो.

टोकाला ०.८ मिलिमीटर आणि मध्ये ०.५ मिलिमीटर भिंत असेल, तर मधल्या भागातलं सुमारे ३७ टक्के पोलाद वाचतं. लांबच्या प्रवासाच्या चांगल्या पोलादी फ्रेमा आजही याच युक्तीवर उभ्या आहेत.

बळकट आणि ताठ

१९३५ मध्ये रेनल्ड्‌सनं '५३१' नावाच्या नळ्या आणल्या. त्यांच्या पोलादात मँगनीज आणि मॉलिब्डेनम होतं. पुढची चार दशकं शर्यतीच्या आणि भटकंतीच्या उत्तम सायकलींवर या आकड्याची चिकटपट्टी दिसे. इटलीत कोलंबस कंपनीच्या नळ्यांना असाच मान होता. अमेरिकेत विमानांच्या सांगाड्यात वापरलं जाणारं क्रोमियम-मॉलिब्डेनमचं पोलाद सायकलीत आलं. त्याचं 'क्रोमोली' हे नाव आपल्याकडच्या दुकानांतही ऐकू येतं.

इथं एक गैरसमज हमखास होतो : भारी पोलाद म्हणजे जास्त ताठ फ्रेम. बळकटी आणि ताठपणा हे दोन वेगळे गुण आहेत. किती ताण दिल्यावर वस्तू कायमची वाकते, ही झाली बळकटी. ठरावीक भाराखाली ती किती लवते, यावरून ठरतो ताठपणा. मिश्रधातू बदलून किंवा तापवून-थंड करून पोलादाची बळकटी दुप्पट, चौपटही करता येते. पण ताठपणा सांगणारा यंगचा गुणांक साध्या पोलादाचा असो की महागड्या पोलादाचा, २०० गिगापास्कलच्या आसपासच राहतो. म्हणजे एकाच मापाच्या दोन नळ्या, एक स्वस्त आणि एक भारी, सारख्याच भाराखाली जवळजवळ सारख्याच लवतील. फरक एवढाच की भारी नळी जास्त भार सोसून पूर्ववत होईल.

मग भारी पोलादाचा उपयोग काय? भिंत पातळ करता येते. आणि ताठपणा हवा असेल तर? व्यास वाढवायचा. पातळ भिंतीच्या नळीचं वजन व्यास आणि जाडी यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढतं, पण वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात. जाडी निम्मी आणि व्यास दुप्पट केला तर वजन तेवढंच राहतं आणि ताठपणा चौपट होतो. जुन्या सायकलींची खालची तिरपी नळी २८.६ मिलिमीटर व्यासाची असे. ती ३१.८ मिलिमीटरची केली, भिंत तेवढीच ठेवली, तर वजन ११ टक्के वाढतं पण ताठपणा सुमारे ३७ टक्के. ॲल्युमिनियमच्या सायकलींच्या नळ्या जाडजूड का दिसतात, हेही यातूनच कळतं. त्या धातूची घनता पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश आहे, आणि ताठपणाही तेवढाच कमी.

वर्गात हे सहज दाखवता येईल. सारखे दोन कागद घ्या. एकाची पेन्सिलीएवढी घट्ट सुरळी करा, दुसऱ्याची तीन सेंटिमीटर व्यासाची. दोन्हींच्या कडा डिंकानं चिकटवा. पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर आडव्या ठेवून दोरीनं थोडं थोडं वजन टांगा. कोणती कमी लवते? आता रुंद सुरळी मध्यभागी बोटानं दाबा. ती चेपते. एकदा चेपल्यावर तिचं बळ किती उरतं, तेही मुलांना पाहू द्या. व्यास वाढवत आणि भिंत पातळ करत किती पुढे जायचं, याची मर्यादा इथं हाताला लागते.

आगीपाशी बसलेला कारागीर

नळ्या कारखान्यात होतात, पण फ्रेम होते ती आगीपाशी. जुन्या रीतीत दोन नळ्यांच्या सांध्यावर पोलादी बाही बसवत, टाकणखार लावत आणि पितळ किंवा चांदीचा मिश्रधातू वितळवून फटीत ओढू देत. इथं नळी स्वतः वितळत नाही. चांदीच्या मिश्रधातूला पितळेपेक्षा कमी उष्णता लागते, म्हणून पातळ नळ्यांना तो मानवतो. १९७० च्या दशकात रेनल्ड्‌सनं '७५३' ही अतिशय पातळ, उष्णतासंस्कारित नळी आणली, तेव्हा ती सरसकट विकली नाही. कारागिरानं आधी नमुन्याचा जोड करून कंपनीकडे पाठवायचा, तो पसंत पडला तरच नळ्या मिळायच्या. नळीइतकाच हात महत्त्वाचा आहे याची ती जाहीर कबुली होती. १९९५ मध्ये आलेल्या '८५३' नं उलट वाट धरली. या पोलादाचा जोडाजवळचा भाग वेल्डिंगनंतर हवेत थंड होताना मऊ पडण्याऐवजी कडक होतो.

छोट्या कारागिरांची खरी परंपरा फ्रान्समध्ये बहरली. १९३० आणि १९४० च्या दशकांत तिथं सायकलींच्याच परीक्षा होत. डोंगरी, खडबडीत रस्त्यांवर सायकल पळवायची, आणि काही मोडलं, सैल झालं की गुण कापायचे. विमानांच्या कारखान्यात काम केलेला रने एर्स आणि आलेक्स सिंगर यांच्यासारख्या कारागिरांनी दिवे आणि मडगार्डसकट सायकली कमालीच्या हलक्या आणि तरीही टिकाऊ केल्या. फ्रेम, दिवा, सामानाचा कॅरिअर हे सगळं त्यांनी एकत्र योजलं. कॅरिअर मागाहून अडकवला नाही.

दुसरी वाट कॅलिफोर्नियातली. १९७० च्या दशकात तिथली तरुण मंडळी जुन्या, जाड टायरच्या सायकली मातीच्या डोंगरवाटांवरून खाली पळवत, आणि त्या फ्रेमा मोडत. १९७७ मध्ये जो ब्रीझ यानं याच कामासाठी क्रोमोलीची नवी फ्रेम बनवली. सायकलीचं वजन सुमारे १७ किलो भरलं, पण ती टिकली. आजची साहसी भटकंतीची सायकल या दोन परंपरांतून आली आहे : फ्रेंच कारागिरांकडून सामानाचा विचार, कॅलिफोर्नियाकडून रुंद टायर.

तर मग निवडायचं काय?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. मोठा कारखाना एका मापाच्या हजारो फ्रेमा करतो. त्या कोण वापरणार हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून सर्वांत वजनदार माणसाचा हिशेब धरून नळ्या निवडतो. पन्नास किलोच्या स्वाराला ती फ्रेम विनाकारण कडक लागते. छोटा कारागीर प्रत्येक नळी वेगळी निवडू शकतो. त्याच्याकडे जाण्याचं खरं कारण हेच आहे. म्हणून चांगला कारागीर आधी तुम्हालाच विचारतो : तुमचं वजन किती, सामान किती, ते पुढे की मागे, रस्ता कसला? हे न विचारता नुसतं पोलादाचं नाव सांगणाऱ्याकडून घाईनं फ्रेम घेऊ नये. वरची नळी फार बारीक निवडली आणि मागं वीस किलो लादलं, तर उतारावर हँडल थरथरू लागतं. तिथं प्रश्न आरामाचा राहत नाही, जिवाचा होतो.

पुढच्या फोर्कबद्दल जरूर विचारावं. रिमवर दाबणाऱ्या ब्रेकचा जोर फोर्कच्या वरच्या भागात येतो. डिस्क ब्रेकचा जोर एकाच पायावर, अगदी खाली येतो; म्हणून तिथं जाड नळी लागते. मागच्या त्रिकोणाची लांबीही पाहावी. ती कमी असेल तर पायडल मारताना टाच सामानाच्या पिशवीला लागते.

एक गोष्ट कारागिराच्या विरुद्धही सांगायला हवी. मोठा कारखाना फ्रेमचे नमुने यंत्रावर मोडेपर्यंत तपासू शकतो. एकेक फ्रेम करणाऱ्याला ते परवडत नाही. त्याच्या दहा-पंधरा वर्षं चाललेल्या जुन्या फ्रेमा हीच त्याची चाचणी. त्या पाहाव्यात, चालवणाऱ्यांशी बोलावं.

आणि पोलाद टिकतं म्हणजे काय, तेही नीट समजून घ्यावं. एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांची तुटफूट तपासताना आउगुस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याला दिसलं, की एका मर्यादेपेक्षा कमी ताण कितीही वेळा दिला तरी पोलाद थकून तुटत नाही. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. पण हा नियम सलग, निरोगी पोलादाचा. गंजाचा खड्डा, खराब जोड, चुकीच्या जागी पाडलेलं भोक इथं ताण एकवटतो आणि चीर सुरू होते. म्हणून नळीत आतून गंजरोधक तेल सोडायचं आणि रंगावर बारीक रेघ उठली तर ती खरवडून पाहायची.

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघं सुमारे ७१,००० किलोमीटर फिरून १८ मार्च १९२८ ला परतले. त्या काळी पोलाद सोडून दुसरी फ्रेम सहसा मिळत नसे, त्यामुळे निवडीचा प्रश्न फारसा आला नाही. आज निवड आहे, म्हणून जबाबदारीही आहे. फ्रेम घेणाऱ्यानं धातूच्या नावाआधी आपलं वजन, आपलं सामान आणि आपली वाट कागदावर लिहावी. व्यास आणि जाडीचे आकडे त्यानंतर कारागिराबरोबर बसून ठरवावेत.